तुकडा कमी

सुपरहीरोंबद्दल माझं मत वाईट आहे, आणि ते मी त्यांच्यात झोपून बनवलेलं आहे. दुरून नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. माझ्या पलंगाच्या तिन्ही बाजूंना काचेची कपाटं आहेत. त्यांत प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे मनोरे, विमानं, गाड्या, गुहा, आणि त्यांवर पाय फाकून उभे असलेले बोटाएवढे वीर. सकाळी मी पायजमा बदलतो तेव्हा हे सगळे माझ्याकडे बघत असतात. एकालाही तोंड फिरवावंसं वाटत नाही.

हा संग्रह माझ्या जावयाचा. जावई चाळिशी ओलांडलेले, कॉम्प्युटरवाले, डोक्यावर केस बेताचे आणि स्वभाव गरीब. माणूस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. ते घरी बसून नोकरी करतात आणि उरलेल्या वेळात एका परदेशी कंपनीचे सुपरहीरोंचे सेट जमवतात, जोडतात, आणि कॅमेऱ्यासमोर त्यांचं परीक्षण करतात. परीक्षण हा त्यांचा शब्द. मी जन्मभर पॉलिटेक्निकात ड्रॉइंग शिकवलं, ढीगभर शीट तपासली, तेव्हा परीक्षण कशाशी खातात ते मला ठाऊक आहे. यांचं परीक्षण म्हणजे लग्नाहून आलेल्या माणसानं जेवणाचं वर्णन करावं तसं. हे छान, ते छान, आणि ते तर फारच छान. सेट सगळ्या बाजूंनी दिसावा म्हणून माझ्या मुलीचा जुना पोळपाट त्यांनी एका फिरत्या चकतीवर बसवलाय. ‘नमस्कार मंडळी, आजचा सेट एकदम कडक आहे!’ असं म्हणून ते तो पोळपाट फिरवतात. त्यावर पोळी लाटली असती तर कोणाचं तरी पोट भरलं असतं.

मी तिथे कसा, ते सांगतो. माझं घर पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. बायको गेल्यापासून मी तिथे एकटा राहत होतो आणि उत्तम राहत होतो. संक्रांतीच्या सुमाराला सकाळी दूध घेऊन वर येताना जिन्यात पाय घसरला. दुधाची पिशवी फुटली नाही, उजवं मनगट फुटलं. पायही मुरगळला होता, त्यामुळे उठता येईना. शेजारचे गावाला गेलेले, खालच्या मजल्यावर क्लासची ऑफिसं, ती दुपारी उघडतात. फोन घरात वाजत होता, तो मला जिन्यात ऐकू येत होता. मुलीनं बऱ्याच वेळा फोन केला आणि शेवटी ऑफिस टाकून स्वतः आली. मी दुधाची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसलो होतो. हाताला प्लास्टर घातल्यावर ती मला परत घरी न नेता सरळ तिच्याकडे घेऊन गेली.

तिचा फ्लॅट कात्रजच्या पुढे. ती लहान असताना आम्ही कात्रजला साप बघायला जायचो. सकाळी डबा घेऊन निघायचं आणि संध्याकाळी पुण्यात परत यायचं, असा तो प्रवास होता. आता ती तिथेच राहते आणि त्याला पुणं म्हणते. बाराव्या मजल्यावर घर, खाली रस्त्याचा आवाज, आणि मंडईतून भाजी आणायची तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून भाजी फोनवरून येते. फोनवरून आलेलं वांगं मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे खाल्लं. त्याची चव फोनसारखीच होती.

लेकीच्या घरी पाणीही प्यायचं नाही असल्या जुन्या कल्पना माझ्या नाहीत. पण दुसऱ्याच्या घरात राहणं मला जमत नाही, आणि जावयाचं घर हे दुसऱ्याचंच घर. मला दिलेल्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे. सकाळचं ऊन अंगावर घ्यायची माझी सवय. पहिल्याच दिवशी मी पडदा सारला तर जावई धावत आले.

“बाबा, प्लीज, पडदा नको. डायरेक्ट सनलाइट आला की व्हाइट पार्ट्स यलो होतात.”

“आणि माणसं?” मी विचारलं.

“अं?”

“माणसं अंधारात राहिली की कुठल्या रंगाची होतात, तेही बघून ठेवा.”

ते हसले आणि त्यांनी पडदा लावला. त्यांच्या हसण्याचा मला फार राग येतो. मी टोचून बोलतो आणि हा मनुष्य हसतो, म्हणजे माझं सगळं बोलणं वाया.

प्लास्टर निघालं तरी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांशी नीट बोलेनात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला आणि तो दाबत बसा म्हणाल्या. मी तो चेंडू कपाटावर ठेवून दिला. ज्या हातानं मी फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ मारत असे, त्या हातानं चेंडू दाबत बसणार नाही, असं मी मुलीला सांगितलं.

“मग ठोकळे जोडा,” ती म्हणाली. “यांच्याकडे ढिगानं पडलेत. बोटांना तोच व्यायाम होईल.”

“मला घरी जायचंय. ठोकळे नकोत.”

तिनं जरा विचार केला. “ठीक आहे. उजव्या हातानं, कोणाची मदत न घेता, एक अख्खा सेट पुरा करा. शेवटच्या तुकड्यापर्यंत. त्या दिवशी मी स्वतः तुम्हाला घरी सोडते.”

“शब्द?”

“शब्द.”

आमच्या घरात शब्द म्हणजे शब्द. तो मीच तिला शिकवला होता. एवढ्यासाठी मी, ज्यानं जन्मात खेळणं म्हणून काही विकत आणलं नाही तो मी, सुपरहीरोंच्या वाटेला गेलो. मला माझं घर हवं होतं. माझी खुर्ची, माझा चहा, आणि माझ्या दाराची कडी आतून लावायचा हक्क.

पहिला सेट छोटा होता. कुठल्याशा वीराची मोटार. मोठे ठोकळे मी तळहाताच्या टाचेनं दाबून बसवले, आणि मला वाटलं, झालंच. मग पुढचे दिवे आले. डाळिंबाच्या दाण्याएवढे, पारदर्शक, गोल. ते चिमटीत धरायचे आणि बरोबर टोकावर ठेवून दाबायचे. त्या एका दुपारी तो दाणा माझ्या बोटांतून किती वेळा निसटला ते मी मोजलं नाही. शेवटी मी तुकड्यांची ताटली भिरकावली. आवाज ऐकून मुलगी आली, खोलीभर पसरलेलं सगळं तिनं मुकाट्यानं गोळा केलं, आणि दिवे काही सापडत नाहीत, केरात गेले वाटतं, म्हणाली. चूक माझ्या रागाची होती, तेव्हा तो सेट बाद. मी दुसरा मागितला.

दुसऱ्या सेटमध्ये मी कमालीचा शांत राहिलो. एक काळं विमान होतं. जावई ठोकळे रंगाप्रमाणे स्टीलच्या वाट्यांत लावून ठेवत आणि मी रोज जेवणानंतर बसत असे. विमान शेवटाला आलं, आणि शेपटावरचा बारीक दांडा वाटीत नव्हता. मी वाट्या उलट्या केल्या, पलंगाखाली काठी फिरवली. नव्हताच.

“मुळातच आला नसेल,” मुलगी म्हणाली. “हल्ली सगळ्या कंपन्या अशाच.”

मला राग आला आणि राग येताच बरं वाटलं. दोष द्यायला कोणीतरी मिळालं की निम्मं दुखणं जातं. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत जावयांनी ते विमान पोळपाटावर ठेवलं आणि कॅमेरा सुरू केला. ‘मंडळी, काय फिनिश आहे! काय डिटेल आहे!’ इथवर मी ऐकून घेतलं. मग आतून ओरडलो, “आणि शेपटाचा तुकडा कमी आहे, ते सांगा की! का ते ऑप्शनला टाकलंय?”

ते बोलणं त्यांच्या व्हिडिओत तसंच राहिलं. कापायचा कंटाळा केला असणार. आणि बघणाऱ्या लोकांना, ज्यांना आयुष्यात दुसरं काही काम नाही, ते आवडलं. आतल्या खोलीतल्या काकांना बाहेर आणा, असं पुष्कळांनी लिहिलं. काका! मी पंचाहत्तरीला टेकलो आहे.

“बाबा, तुम्ही करा ना रिव्ह्यू,” जावई म्हणाले. “लोकांना ऑनेस्ट ओपिनियन हवंय.”

“माझं मत ऐकून ती कंपनी बंद पडेल.”

“पडू दे.”

मी दोन अटी घातल्या. माझा चेहरा दाखवायचा नाही आणि माझा हात दाखवायचा नाही. फक्त आवाज. शिवाय ते तारे-बिरे मी देणार नाही. मी शंभरपैकी मार्क देणार, जसे शीटला देत होतो तसे.

तेव्हापासून दर रविवारी मी एका सेटचं वस्त्रहरण करतो. द्वेष करायचा तर अभ्यास करून करावा, या मताचा मी आहे, त्यामुळे मी सगळं बारकाईनं बघितलं. या वीरांचं डोकं काढलं तर मागच्या बाजूला दुसरा चेहरा असतो. पुढे हसरा, मागे चिडलेला, आणि मागचा केसांखाली झाकलेला. एवढा एक प्रकार मला प्रामाणिक वाटला, कारण पुण्यात पुष्कळ लोक असेच असतात. बाकी सगळा आनंद. सगळ्यांचं धड एकच, पाय एकच, नुसते रंग बदलायचे. एकाच कापडातून घरभराचे सदरे शिवावेत तसं. छातीवरची चिन्हं छापायची सोडून चिकटवायला कागद देतात, आणि तो जरा वाकडा लागला की जगाचा रक्षक तिरका दिसतो. जग वाचवायला निघालेल्या माणसाच्या गाडीला मागचं बघायचा आरसा नाही. खलनायकाला मात्र दोन हत्यारं जास्त. आणि किल्ल्याएवढा मनोरा बांधतात त्याला जिना नाही. सगळे उडतात म्हणे. जो म्हातारा उडत नाही त्यानं काय करावं, याचा कंपनीनं विचार केलेला नाही.

फक्त एका गोष्टीला मी मार्क दिले. सोबतच्या पुस्तिकेत एक अक्षर नसतं. सगळं चित्रातून. आणि ती चित्रं, कबूल करायला जड जातं, पण शुद्ध आहेत. कोन बरोबर, रेषेची जाडी बरोबर, नवा तुकडा कुठे बसतो ते एका बाणात सांगितलेलं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना असं काढता आलं असतं. मी ते कॅमेऱ्यासमोर म्हणालोही. मग लगेच पुढचं म्हणालो, “पण तुकडा कमी. कंपनी चोर. नापास.”

कारण तुकडा प्रत्येक वेळी कमीच असे. एकदा गाडीच्या खिडकीची बारीक कडी नाही. एकदा रोबोच्या डोळ्यांचे मणी नाहीत. एकदा तर एका वीराचं उपरणंच नव्हतं. ते लाल कापडाचं असतं, मानेशी भोक असतं, ते खुंटीवर चढवून वरून डोकं बसवायचं. मी तो वीर तसाच पोळपाटावर उभा केला आणि आंघोळीच्या वेळी टॉवेल विसरलेला माणूस म्हणून त्याची ओळख करून दिली. ते लोकांना फार आवडलं. ‘तुकडा कमी’ हे माझं ब्रीदवाक्य झालं. लोक आधीच विचारू लागले, आज काय कमी आहे काका?

जावई मात्र बुचकळ्यात पडले होते. “असं कधी होत नाही हो बाबा. उलट ही कंपनी छोटे पार्ट्स एक्स्ट्रा देते. प्रत्येकाचा एक स्पेअर असतो. मी मेल टाकतो त्यांना.”

“राहू दे,” मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली. “बाबांना शिव्या द्यायला काहीतरी लागतंच.”

बाहेरगावी निघालेल्या माणसाची गाडी रोज चुकावी तसं माझं चाललं होतं. उन्हाळा आला. आंबे आले, संपत आले. त्या बंद पडद्याच्या खोलीत मी घामानं भिजत ठोकळे दाबत होतो, आणि एकही सेट पुरा होत नव्हता. मी कंपनीला शिव्या देत होतो, पण आतून मला माझं घर हातचं जाताना दिसत होतं. बंद घराला वास येतो. माझ्या घराला तो येऊ लागला असेल, या विचारानं मला जेवण जाईना.

तशात अधिक महिना लागला. हा धोंड्याचा महिना दर तीन वर्षांनी येतो आणि सासऱ्यांना जावयांची किंमत कळावी अशी त्यात सोय आहे. जावयाला नारायण मानायचं, जाळीदार पदार्थ तेहतीस मोजून ताटात घालायचे, वर दिवा ठेवायचा आणि हे वाण त्याला द्यायचं. बायको होती तेव्हा ती अनारसे घरी करायची, फुलवातीही हातानं वळायची, आणि मी पेपरातून डोकं वर काढून तिची टर उडवायचो. देवघराकडे मी कधी फिरकलो नाही. पण या खेपेला मीच मुलीला म्हणालो, यंदा वाण मी देणार.

“तुम्ही?” ती म्हणाली.

“इतके महिने त्यांचं मीठ खातोय. मला कोणाचं मिंधं राहायचं नाही. वाण देतो आणि मोकळा होतो.”

अनारसे आणायला जावयांबरोबर मंडईकडे गेलो. कितीतरी दिवसांनी मला माझं गाव दिसलं. अनारसे घेतल्यावर मी म्हणालो, दोन मिनिटं घरी जाऊन येऊ. गाडी लावायला जागा नव्हती, तरी त्यांनी कुठेतरी लावली आणि माझ्यामागून तीन मजले चढून आले. मी खिशातून किल्ली काढली. कुलपात घातली. फिरवली. फिरेना. पुन्हा फिरवली. अंगठा घसरत होता.

“गंजलंय,” मी म्हणालो.

जावयांनी कुलूप हातात धरून पाहिलं. “हो, गंजलंय खरं. पुढच्या वेळी तेल आणू.”

आम्ही खाली उतरलो. वाटेत मी त्यांना भर उन्हाळ्यात कुलूप गंजतं म्हणजे हल्लीचं लोखंड कसलं हलकं झालंय यावर बरंच ऐकवलं. ते हसत होते.

दुसऱ्या दिवशी वाण द्यायचं होतं. मुलगी ऑफिसला गेली होती, जावई बाहेरच्या खोलीत कानाला ते लावून मीटिंगमध्ये. दुपारी मी त्यांच्याच घरातलं पितळी ताट त्यांनाच वाण द्यायला घासून ठेवलं आणि अनारसे मांडले. निरांजन मिळालं. वात हवी होती. मुलीच्या देवघरात खाली तिच्या आईचा फुलवातींचा डबा होता, झाकणावर मोर असलेला. आई गेल्यावर तिनं तेवढा एकच आणला होता. तो मी हाताच्या टाचेनं उघडला.

वर फुलवाती होत्या. बायकोनं वळलेल्या, सगळ्या एका मापाच्या. खाली प्लास्टिकची पुडी. पुडीत एक लाल उपरणं होतं. दोन काळे बारीक दांडे. रोबोच्या डोळ्यांचे मणी, जास्तीच्या मण्यासकट. खिडकीची कडी आणि तिची जोडी. आणि तळाला डाळिंबाचे दाणे, पहिल्या मोटारीचे दिवे, जे केरात गेले होते.

कात्रजला राहून पोरीनं मला कात्रजचा घाट दाखवला होता. मी तिथेच देवघरासमोर बसलो. मला इतका राग आला की कानात आवाज येऊ लागला. मी जन्माचा नास्तिक, देवघरातल्या डब्याला हात लावणार नाही, हे हिनं बरोबर हेरलं होतं. फक्त अधिक महिना येतो आणि त्यात बापाला जावयाचं देणं फेडायची हुक्की येते, हे तिच्या हिशेबात नव्हतं. मी तिचा बाप आहे की तिचा कैदी? शब्द देते म्हणाली होती. असल्या खोट्या शब्दावर मी महिनोन्महिने त्या प्लास्टिकच्या भुतांमध्ये घाम गाळला आणि ज्या कंपनीनं माझं काही बिघडवलं नाही तिला दर रविवारी चोर म्हटलं.

काय करायचं ते मी तिथल्या तिथे ठरवलं. वाणाच्या ताटात मध्ये निरांजन, भोवती अनारसे, आणि अनारशांवर हे तुकडे मांडायचे. तिनं बघावं. पण त्याआधी एक सेट पुरा करून ताटाशेजारी ठेवायचा आणि म्हणायचं, झाला पुरा, आता सोड मला घरी. तिच्या समोर, जावयांच्या समोर, कॅमेऱ्यासमोर.

मी पुडी घेऊन खोलीत गेलो. उपरणं नसलेला तो वीर कपाटातून काढला. त्याचं डोकं उपटलं. उपरणं चिमटीत धरलं आणि मानेच्या खुंटीवर भोक आणलं. ते निसटलं. पुन्हा आणलं. कापड बोटांमधून असं गळून जात होतं की मी ते धरलंय हेच बोटांना कळत नव्हतं. ते सोडलं आणि रोबो घेतला. मणी अंगठा आणि तर्जनीमध्ये धरला. बोटं बघत होती आणि मणी खाली पडत होता. दांडा घेतला. कडी घेतली. मग ते दिवे. घाम डोळ्यांत जात होता. पडदा मी केव्हाच फाडल्यासारखा बाजूला ओढला होता, तेव्हा उजेड नाही असंही म्हणायची सोय नव्हती.

आणि मग मी त्या तुकड्यांकडे नीट बघितलं, जसं शीटकडे बघावं तसं. मोठा ठोकळा त्यांत एकही नव्हता. सेट अडवायचा तर कुठलाही तुकडा काढून चालला असता. पायाचा मोठा, छपराचा लांब, जो हाताला येईल तो. तिनं मात्र प्रत्येक सेटमधून फक्त तेवढेच काढले होते जे चिमटीशिवाय बसत नाहीत. जास्तीचा तुकडासुद्धा राहू दिला नव्हता. त्या दुपारी ताटली भिरकावल्यावर ती दारातून आत आली होती. तिनं ताटलीकडे पाहिलं नव्हतं. माझ्या हाताकडे पाहिलं होतं.

कंपनी चोर नव्हती. कुलूपही गंजलं नव्हतं. जावयांनी ते नुसतं हातात धरलं होतं, किल्ली फिरवून बघितलीच नव्हती.

मी त्या खोलीत रडलो. मला स्वतःचा, त्या दोघांचा, त्या हाताचा, सगळ्यांचा राग आला होता, आणि कपाटातले सगळे वीर नेहमीसारखे माझ्याकडे टक लावून बघत होते. एकाला मी उचलून पाठमोरा ठेवला.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा ताट तयार होतं. तेहतीस अनारसे, मध्ये निरांजन, त्यात तुपात भिजलेली फुलवात. मुलीची नजर वातीवर गेली. तिच्या आईच्या हातची वात ती अंधारातही ओळखेल. ती देवघराकडे गेली, डबा उचलला, झाकण उघडलं. पुडी होती तशी खाली होती. वर वाती सारख्या केलेल्या. डबा हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

“बाबा,” ती म्हणाली.

“दिवा विझेल,” मी म्हणालो. “जावईबापू, या. आपला मान घ्या. पाटावर बसा, असे लाजू नका, दर वेळी काही मी देणार नाही.”

जावई बसले. मी डाव्या हातानं ताट उचललं आणि उजव्याचा तळवा खालून लावला. ताट जरा हललं. त्यांनी ते वरच्या वर दोन्ही हातांनी धरलं आणि मला वाकून नमस्कार केला. या वेळी ते हसले नाहीत, आणि मला त्यांचा नेहमीपेक्षा कमी राग आला.

“आज रविवार नाही,” मी म्हणालो, “तरी कॅमेरा लावा.”

त्यांनी पोळपाट मांडला. मी त्यावर उपरणं नसलेला वीर ठेवला. मुलगी डबा पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. स्टिकर वाकडा, रंग भडक, चेहऱ्यावर बुद्धीचा अंश नाही, पुस्तिका तेवढी उत्तम. शेवटी म्हणालो, “आणि नेहमीप्रमाणे तुकडा कमी. मी डोळ्यांत तेल घालून शोधला. कंपनी चोर आहे. नापास.”

जावयांनी कॅमेरा बंद केला. दारातून मुलगी हळूच म्हणाली, “मग आता, बाबा?”

“आता काय? पुढचा सेट काढा,” मी म्हणालो. “आणि उद्यापासून तो पडदा उघडा राहील. पिवळे पडले तर पडू देत.”